पन्नास हजार शब्दांचं लग्न

कळस गावच्या ऋषिराजनं रविवारी आपली कादंबरी गोष्टी वाचायच्या ॲपवर चढवणार असं घरात जाहीर केलं, आणि शनिवारी सकाळी ती खरोखर संपवलीही. आडसाली उसासारखी दीड वर्ष जोपासलेली प्रेमकथा! अडचण एवढीच, की कादंबरी म्हणवून घ्यायला ॲपवर चाळीस हजार शब्द लागत होते, आणि ऋषिराजचं प्रेम एकतीस हजारांतच जुळलं होतं. त्याखालचं सगळं दीर्घकथेत जमा. ऋषिराजला तर कादंबरीकारच व्हायचं होतं.

बहीण वृषाली म्हणाली, दोघांचं भांडण वाढव. पण ऋषिराज प्रामाणिक लेखक. चांगलं पटलेल्या माणसांत काड्या कशाला घालायच्या? त्यापेक्षा लग्न लावू. लग्न म्हटलं की सत्कार आले, आणि सत्कार म्हटलं की सोपानतात्या. पंचक्रोशीतल्या लग्नांत माईक तात्यांच्याच हातात. पाहुणा चप्पल काढेपर्यंत त्याचं पदासकट स्वागत झालेलं असतं.

ऋषिराजनं बोललेलं टाइप होणारा फोन तात्यांपुढं धरला. कारखान्याचे आजी-माजी संचालक, सोसायटीचे चेअरमन, नवरीचे मामा, मामांचे व्याही... चहा येईपर्यंत चाळीस हजार पार! असा ओघ वृषालीनं कुठल्याच लेखकात पाहिला नव्हता.

पण तात्या थांबेनात. कळंबचे पाहुणे अजून राहिले होते.

"तात्या, गोष्टीतलं लग्न हाय ते," ऋषिराज म्हणाला.

"म्हणून काय झालं? नाव घ्यायचं राहिलं की माणूस जल्मभर मनात धरून ठिवतो."

एव्हाना बातमी गावभर झाली. माणसं ओसरीवर येऊन आपापली पदं दुरुस्त करून घेऊ लागली. दिवे लागेपर्यंत शब्द गेले साठ हजारांवर, आणि ॲपची वरची हद्द होती पन्नास.

नावं कापायची छाती कुणाची? ऋषिराजनं मन घट्ट करून पहिली भेट कापली. मग कालव्यावरचा रुसवा. माजी उपसरपंचांच्या सत्कारापायी नायिकेचं अख्खं बालपण गेलं. शेवटी नवरा-नवरीच्या नावांवरही कात्री चालवली, तेव्हा कुठं कादंबरी हद्दीत बसली.

रविवारी ती ॲपवर चढली आणि रात्रीपर्यंत पहिल्या नंबरावर गेली. 'आमच्या दाजींचं नाव वाचून ऊर भरून आला,' असे अभिप्राय धो धो पडले. ऋषिराज कादंबरीकार झाला.

अथपासून इतिपर्यंत कादंबरी वाचली ती एकट्या तात्यांनी. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी ऋषिराजला पोटाशी धरलं.

"लेका, उभ्या हयातीत असं लगीन बघितलं न्हाय. एकबी माणूस नाराज न्हाय!"

मग ओसरीवर टेकले, तांब्याभर पाणी प्याले आणि हळूच म्हणाले,

"फकस्त एक सांग. लगीन व्हतं कुणाचं?"