हौशीरामची वेगळी चूल

यंदा आपली पेन्शन झाल्यात जमा, असं हौशीरामनं मांडवगण फराट्यात निदान चाळीस जणांना सांगून टाकलं होतं. उजवा पाय पोलिओनं लहानपणीच गेलेला, अपंगत्वाचा दाखला पक्का. पण पहिला अर्ज परत आला होता. खोली वडिलोपार्जित जागेत, थोरल्या भावाच्या, मच्छिंद्रच्या घराच्या पाठीला. म्हणजे कुटुंब एक, म्हणजे मच्छिंद्रचा सगळा ऊस हौशीरामच्या उत्पन्नात!

खरं तर दोन वर्षं झाली, हौशीरामची चूल वेगळी होती, रेशनकार्डही वेगळं. का वेगळी, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. लोक म्हणायचे, पोरगं स्वाभिमानी आहे. तो मान खाली घालून ते ऐकून घ्यायचा.

तलाठी मॅडम पाहणीला येणार म्हटल्यावर त्यानं डोकं लढवलं. नुसतं कार्ड दाखवून काय होणार? दोघा भावांचं कडाक्याचं भांडण दिसलं पाहिजे. मच्छिंद्र गरीब स्वभावाचा. त्याला शिव्यासुद्धा हौशीरामनंच शिकवल्या.

मॅडम अंगणात आल्या आणि भांडण सुरू झालं. मच्छिंद्र पाठ केल्यासारखा बोलत होता, पण हौशीराम असा रंगला, की कुबडी आपटून त्यानं मेलेल्या आजोबांनाही सोडलं नाही. आवाज पारापर्यंत गेला. पंच म्हणून सही करायला निघालेले गेणबा आप्पा चौघांना घेऊन धावत आले.

आता गेणबा आप्पा म्हणजे गावातली भांडणं मिटवणारा माणूस. भजनी मंडळाचे म्होरके. दोघा भावांच्या गळ्यात तुळशीची माळ त्यांनीच घातलेली. त्यांनी दोघांना मिठीच मारायला लावली. मच्छिंद्र तर खरोखर रडला.

"आता थोरल्यानं धाकट्याच्या चुलीवरचं खायचं. एका ताटात. मिटलं."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "एका ताटात जेवता? मग वेगळं कुटुंब कसं लिहू मी?"

हौशीरामचा चेहरा पाण्यात पडलेल्या भाकरीसारखा झाला. पेन्शन अंगणातून चालत निघाली होती. त्यात आप्पा खोलीकडे वळले. हौशीराम कुबडी आडवी धरून दारात उभा राहिला.

"आप्पा, आत नगा जाऊ."

"का रं? भावाला घास द्यायचा न्हाई व्हय?"

एकीकडं गळ्यातली माळ, दुसरीकडं महिन्याची पेन्शन. हौशीरामनं डोळे मिटून मनातल्या मनात बेरीज केली आणि कुबडी बाजूला घेतली.

मॅडमनी चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. सुकटीचं झणझणीत कालवण! वास अंगणभर गेला. मच्छिंद्र माळ मुठीत धरून चार पावलं मागं सरकला.

"वहिनीच्या चुलीला ह्याचा वाससुद्धा चालत न्हाई," हौशीराम पुटपुटला. "म्हणून तर येगळा निघालो."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या. पंचनामा लिहून त्यांनी नियमाप्रमाणं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला: स्वतंत्र खोली, स्वतंत्र रेशनकार्ड, स्वतंत्र चूल, चुलीवर सुकट, भाऊ सदर चुलीवरचं खात नाही. पेन्शनचा मार्ग मोकळा झाला आणि हौशीरामची अब्रू सरकारी कागदावर चढली.

सह्या करून सगळे पांगले. आप्पा मात्र उंबऱ्यावर बसून राहिले. हौशीराम शिव्या खायच्या तयारीनं समोर उभा राहिला. आप्पांनी अंगण रिकामं असल्याचं दोनदा बघून घेतलं, मग गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली.

"मी पंच हाय," ते हळूच म्हणाले. "सही केलीय, तर खात्री नगं करायला? आण ताटली."