लुबेन काका आणि सुटकेची वाट

"जिना ना? एका तासात मोकळा करतो! नियमांची पुस्तिका तोंडपाठ आहे माझी!"

लुबेन काकांनी छातीठोकपणे सांगून टाकलं. काका भूमितीचे निवृत्त मास्तर आणि प्लेव्हेन शहरातल्या एका पाच मजली इमारतीचे अध्यक्ष. त्या दिवशी अग्निशमन खात्याच्या बाई तपासणीला येणार होत्या. पास झालं तर सरकारी खर्चाने भिंतींना थंडी अडवणारं अस्तर मिळणार. नापास झालं तर आणखी एक हिवाळा कानटोपी घालून जेवायचं!

अडचण एकच. चौथ्या मजल्यावर, ऐन जिन्यात, स्तोयांका मावशींचं अगडबंब कपाट.

"मावशी, नियमाने आगीत सुटकेची वाट सव्वा मीटर मोकळी हवी."

"आत माझ्या मिरच्यांच्या बरण्या आहेत! तूच काढ. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे!"

काकांनी बरण्या मावशींच्या घरात नेऊन ठेवल्या आणि कपाट खाली उतरवायला दुसऱ्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्या कामेनला हाक मारली. कामेन खालून, काका वरून.

"काका, वळणावर मावेल ना?"

"अरे, मी मोजलंय! तिरकं केलं की लोण्यासारखं सरकेल!"

सरकलं. अर्धं. मग बाटलीत बूच बसावं तसं जे बसलं, ते हलेचना!

"ओढ!"

"तुम्ही ढकला!"

"ढकलतोच आहे!"

"मग थांबा, माझी बरगडी मोडतेय!"

आता कामेन खाली, आणि काकांसकट अकरा माणसं वर कोंडलेली. नेमका तेव्हाच खालून खणखणीत आवाज आला.

"अध्यक्ष कुठे आहेत?"

"कपाटाच्या पलीकडे," कामेन म्हणाला.

"आणि सुटकेची वाट?"

"तीही तिकडेच, बाई."

काकांनी कपाळाला हात लावला. संपलं! गेलं अस्तर!

"अध्यक्ष, समजा आत्ता आग लागली," बाई ओरडल्या. "काय कराल? मी घड्याळ लावलंय!"

पाठ केलेली पुस्तिका काकांच्या डोक्यातून साफ उडाली. उरलं एकच वाक्य: दुसरी वाट नेहमी उघडी ठेवावी. गच्ची! शेजारच्या जिन्यात उतरायचं दार!

"चला सगळे वर!"

पण दाराला पलीकडून कडी. अँटेनावरून भांडण होऊन नऊ वर्षं झाली होती, तेव्हापासून दोन्ही जिन्यांचा अबोला. काकांनी दार बडवलं.

"कोण आहे?" पलीकडच्या वरच्या मजल्यावरच्या वेलिच्काबाईंनी विचारलं.

"आम्ही! शेजारचे! नियम क्रमांक..."

"नियम घाला चुलीत!"

स्तोयांका मावशींनी काकांना बाजूला सारलं. "वेलिच्का, अगं मी आहे. मिरच्यांची बरणी आणलीय."

 मग कडी करकरली.

"इतकी वर्षं लावलीस होय गं," वेलिच्काबाई म्हणाल्या आणि मावशींचा हात धरून त्यांना जिना उतरवू लागल्या.

अकरा माणसं सहा मिनिटांत अंगणात! बाईंनी घड्याळ बंद केलं.

"कागदावर सगळेच पास होतात. माणसं खरोखर बाहेर आलेली आज प्रथमच पाहिली. वरची कडी काढून टाका, कपाट संध्याकाळपर्यंत हलवा. पास!"

अंगणात एकच जल्लोष! शेजारच्या जिन्यातले दोघे करवत घेऊन कपाटाकडे निघालेसुद्धा. काकांनी छाती फुगवली.

"फक्त एक रकाना राहिला," बाई म्हणाल्या. "वाटेत अडथळा आणणाऱ्याचं नाव?"

कामेन आभाळाकडे बघू लागला. काकांना एकाएकी खोकला आला.

"लिहा बाई," स्तोयांका मावशी अभिमानाने म्हणाल्या, "लुबेन द्रागोमिरोव्ह कोलेव्ह. पूर्ण लिहा हो, अध्यक्ष आहेत आमचे!"