मारोतरावांच्या नावाला ‘जी’

“सर, माझ्या फाइलीत जे लिहिलंय तेवढंच जगात असतं,” असं शुभांगी त्या सकाळी फोनवर आपल्या साहेबांना म्हणाली. हे वाक्य साडेनऊ वाजेपर्यंत खरं होतं.

शुभांगी म्हणजे दिघोरीच्या मारोतरावांची सून. नोकरी नागपूरच्या एका कंपनीत, आणि ऑफिस सासरच्या घरात, धानाची कोठी आणि शिलाई मशीन यांच्या मधल्या साडेतीन फुटांत. लॅपटॉप मशीनवर. मीटिंगमध्ये विचारात पडली की तिचा पाय आपोआप पायडलवर चालायचा आणि नागपूरचे लोक विचारायचे, “मॅडम, तुमच्याकडे गिरणी आहे का?”

काम असं होतं. गावतलावाच्या गेटवर कंपनीनं एक यंत्र बसवलं होतं. धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाळीपाळीनं पाणी सुटायचं. कोणाच्या पाळीचं गेट उघडलं, कोणाचं बंद झालं, हे ते यंत्र क्लाउडवर कळवायचं आणि तिथं या सगळ्या बातम्यांची एक धार वाहत राहायची. नहरावर जशा बांध्या, तसे त्या धारेवर शुभांगीनं कन्झ्युमर बसवले होते. कन्झ्युमर म्हणजे धारेला कान लावून बसलेला प्रोग्राम. बातमी ऐकायची आणि आपलं ठरलेलं काम करायचं.

असे दोन होते. पहिल्याचं काम ऐकलेलं सगळं साठवून ठेवणं, काहीही न विसरणं आणि मागितलं की तारखेसकट काढून दाखवणं. त्याचं नाव तिनं ठेवलं होतं ‘शकुनबाई’. सासूबाईंच्या नावावरून. दुसऱ्याचं काम एक गोष्ट कानावर पडली की अख्ख्या गावाला सांगणं. पाळी येईल तसा प्रत्येकाला फोन. त्याचं नाव ‘मारोतराव’.

त्यात वावगं काही नव्हतं, कारण फोनवरचा आवाजही मारोतरावांचाच होता. ते पाणी वाटप समितीचे अध्यक्ष. त्यांनी न्हाणीघरात उभं राहून, घुमावदार लागावं म्हणून, दोन वाक्यं रेकॉर्ड करून दिली होती. एक: “राम राम जी. मी मारोतराव बोलून राहिलो. तुमच्या बांधीले पाणी सुटलं. फावडा घेऊन निघा.” आणि दुसरं: “राम राम जी. तुमची पाळी संपली. घरी जा.”

हा सगळा पसारा शुभांगी हातानं बांधत नसे. एका फाइलीत लिहायचं, की इतके कन्झ्युमर, ही त्यांची नावं. मग एक हुकूम सोडायचा. मग बांधकाम करणारा एक वेगळा प्रोग्राम ती फाइल वाचतो आणि क्लाउडवर अगदी तसंच उभं करतो. फाइलीत असेल ते बांधतो, फाइलीत नसेल ते पाडतो. सातबाऱ्यावर नाव नाही तर वावर नाही, तसं.

आता अडचण सांगतो. कंपनी म्हणत होती, समितीनं ठराव करून द्यावा की ही फोनची सोय आम्हाला हवी आहे. ठराव झाला तर शुभांगीनं दिघोरीतूनच काम करावं. नाही झाला तर यंत्र काढून न्यायचं आणि शुभांगीनं सोमवारपासून नागपूरला ऑफिसात बसायचं. नवरा भूपेंद्र लाखांदूरला मास्तर. म्हणजे संसार दीडशे किलोमीटर लांबीचा होणार होता.

समितीची सभा त्याच दिवशी अकराला होती. विरोधाची भीती नव्हती. भीती गणपूर्तीची होती. सभासद एकशे बारा, ठरावाला निम्म्याच्या वर म्हणजे सत्तावन्न लागत. गेल्या अकरा वर्षांत सर्वांत जास्त हजेरी एकोणीस होती, आणि त्यातले सात जण पोह्यांसाठी आले होते व सभासदही नव्हते.

“येतीन, येतीन,” मारोतराव सव्वानऊला चहाची बशी घेऊन शुभांगीच्या मागं येऊन उभे राहिले. अध्यक्ष असल्यामुळे ते घरातही मागं हात बांधून फिरत. “तू काय करून राहिली?”

“सभेत दाखवायला तयारी करून राहिली, मामाजी.”

मारोतरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती, पण आपलं नाव माणूस कोणत्याही लिपीत ओळखतो.

“हे माह्यं नाव आहे?”

शुभांगीचा पाय पायडलवर थांबला. “हो. म्हणजे... तुमच्या कामावरून.”

“नुसतं मारोतराव?”

“मामाजी, ते मशीनमधलं नाव—”

“तहसीलदार मले मारोतरावजी म्हणते. बँकेतला पोट्टा म्हणते. हे पडद्यावर सभेत दाखवशीन तू? सून सासऱ्याचं नाव घेते तेही उघडं-बोडकं?”

आतून शकुनबाई म्हणाल्या, “माह्यं नाव चाळीस वर्षांत घेतलं का तुमी? मी बोलली काही? लेकरानं नाव ठेवलं तं कौतिक करा.” शकुनबाईंना आपलं नाव कन्झ्युमरला दिल्याचं माहीत होतं. त्याचं काम काय हे शुभांगीनं सांगितलं नव्हतं.

प्रसंग सासरचा होता. शुभांगीनं फाइल उघडली आणि नावापुढं दोन अक्षरं वाढवली. झालं ‘मारोतरावजी’. मग हुकूम सोडला. हा बांधकामवाला प्रोग्राम सावध असतो. पाडापाडी करण्याआधी यादी दाखवतो आणि परवानगी मागतो. त्याला ‘जी’ वगैरे कळत नाही. त्याच्या लेखी जुना माणूस फाइलीतून गेला आणि एक नवीनच माणूस आला. पडद्यावर लाल रेघ उमटली, मग हिरवी.

मारोतरावांनी एकेक अक्षर लावून वाचलं. “मारोतराव... डिस्ट्रॉय.”

त्यांनी बशी तोंडापासून लांब नेली.

“हा शबुद कीडनाशकाच्या डब्यावर राहते,” ते म्हणाले.

“तसं नाही, मामाजी. जुना जाते आणि नवा येते. दोन सेकंदाचं काम.”

“जुना कुठं जाते?”

“जाऊ द्या न,” आतून शकुनबाई. “नवा कामाचा निघन एखाद्यावेळी.”

“खाली पाहा, मारोतरावजी तयार होऊन राहिले,” शुभांगीनं घाईघाईनं हिरवी रेघ दाखवली. “आता फक्त yes लिहायचं.”

मारोतरावांनी बशी कोठीवर ठेवली. “मी लिहितो. माह्या बाबतीतला निर्णय आहे.” आणि त्यांनी एका बोटानं, अंगठा उठवावा तशा गांभीर्यानं, तीन अक्षरं दाबली.

मारोतराव नष्ट झाले. मारोतरावजी जन्मले. 

आता फाइलीत एक ओळ होती. नव्या कन्झ्युमरनं धार कुठून ऐकायला घ्यायची ती: आतापासून की सुरुवातीपासून. पावसाळ्यात पहिली चाचणी घेताना एकही बातमी सुटू नये म्हणून शुभांगीनं तिथं ‘सुरुवातीपासून’ लिहिलं होतं आणि विसरून गेली होती. जुन्या मारोतरावांना त्यानं काही फरक पडत नव्हता, ते केव्हाच ऐकून पुढं आले होते. पण मारोतरावजी नवीन. नवा जावई जसा पहिल्याच दिवशी घराण्याचा इतिहास विचारतो, तसे ते धारेच्या तोंडाशी जाऊन बसले. धारेत मागच्या सात दिवसांचं सगळं शिल्लक होतं.

पहिला फोन खुद्द मारोतरावांच्या खिशात वाजला.

त्यांनी तो कानाला लावला, आदरानं ऐकला, “हो जी, हो जी” म्हणाले, फोन खिशात ठेवला आणि कोपऱ्यातला फावडा उचलला.

“कुठं निघाले, मामाजी?”

“पाणी सुटलं आपल्या बांधीले.”

“पण आपली पाळी मंगळवारी झाली.”

“मले आता फोन आला.”

“मामाजी, तो तुमचाच आवाज आहे.”

“मंग?” मारोतरावांनी चप्पल शोधत विचारलं. “मी खोटं कायले बोलीन?”

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्यांनी ऐकला. चेहरा पडला. फावडा खाली ठेवला. “बंद झालं म्हणते. घरी जा म्हणते.” आणि ते खरोखरच, घरातच असूनही, दोन पावलं आत सरकले.

शुभांगीनं पडदा पाहिला. मारोतरावजी सात दिवसांचं काम चार मिनिटांत उरकत होते. तिनं कन्झ्युमर थांबवला तोवर दोनशे सोळा फोन गेले होते. तिनं खिडकीतून पाहिलं. समोरच्या गल्लीतून यादोराव फावडा खांद्यावर टाकून पळत होते. त्यांच्यामागं कैलाश, मग आणखी चौघं. ऑक्टोबर महिना, धान गर्भावर म्हणजे पोटरीवर आलेलं, तलावात शेवटचं पाणी. अशा वेळी पाणी सुटलं म्हटल्यावर दिघोरीचा माणूस जेवणावरून उठतो, वरातीतून उठतो.

ती आणि मारोतराव तलावावर पोहोचले तेव्हा पाणी सुटलं की बंद झालं ते पाहायला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अख्खं गाव उभं होतं. गेट बंद होतं. त्याला बाहेरून कुलूप होतं. कुलपावर एक सरडा बसला होता आणि गर्दीत तोच तेवढा निवांत होता.

“अध्यक्ष आले, अध्यक्ष,” कोणीतरी म्हणालं आणि फावड्यांचं रान वळलं.

“का जी, मारोतराव,” यादोराव धापा टाकत होते, “माह्यं पाणी आलं न् गेलं, मी अजून एकाच पायात चप्पल घालून राहिलो होतो. हे कोणतं पाणी?”

“मले तीनदा घरी जा म्हणलं,” कैलाश म्हणाला. “मी गावातच सासऱ्याकडं होतो, फोन स्पीकरवर होता. त्याईले वाटलं तुमी सांगून राहिले. डबा भरून दिला त्याईनं मले.”

“बंद करा हे फोनचं. आपला चिंधू बरा होता.”

चिंधू म्हणजे गावचा कोतवाल. फोन येण्याआधी दवंडी तोच द्यायचा. तो गर्दीच्या कडेला सभेचं रजिस्टर काखेत धरून उभा होता. अकरा वर्षं ते रजिस्टर जवळपास कोरं परत नेण्याची सवय असल्यामुळे त्याला एवढी माणसं बघून भोवळ येत होती.

शुभांगी पुढं झाली.  सोमवारचं नागपूर डोळ्यांपुढं दिसत होतं. “चूक माझी आहे. मी नाव बदललं आणि—”

“थांब,” मारोतराव म्हणाले. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. ओठ हलत होते. शुभांगीला वाटलं देवाचं नाव घेत आहेत. ते डोकी मोजत होते.

“हे पाहा,” ते मोठ्यानं म्हणाले, “तक्रार सगळ्याईची ऐकून घेतो. पण तक्रार तोंडी चालत नाही. ज्याची तक्रार आहे त्यानं आधी सही करावं. चिंधू, रजिस्टर काढ.”

रांग लागली. एवढ्या उत्साहानं दिघोरीत याआधी फक्त राशनची साखर वाटली गेली होती. काही जणांनी रागाच्या भरात दोनदा सह्या केल्या. चिंधूनं त्या खोडल्या. शेवटची सही झाली तेव्हा अकरा वाजले होते आणि आकडा होता एक्क्याण्णव.

मारोतरावांनी रजिस्टर हातात घेतलं, खाकरले आणि न्हाणीघरातल्या आवाजात म्हणाले, “गणपूर्ती झाली. सभा सुरू झाली असं जाहीर करतो. बसा खाली.”

आपण सभेत आहोत हे कळायला लोकांना जरा वेळ लागला. कळलं तोवर बसून झालं होतं.

“विषय एक. फोनची सोय ठेवायची का काढायची. बोला.”

“काढा,” यादोराव म्हणाले. “खोटं बोलते ते.”

“खोटं त्यानं बोललं नाही,” मारोतराव म्हणाले, आणि थोडे अडखळले. “मशीननं इचारलं होतं. परवानगी मागतली होती. yes मी लिहिलं. माह्या नावाले जी नव्हता म्हणून.”

 मग बायकांच्या बाजूनं, मागोमाग आलेल्या शकुनबाईंचा आवाज आला. “चाळीस वर्षांत पहिल्यांदा हो म्हणलं या माणसानं. तेही कम्प्युटरले.”

हसणं पाण्यावरून पलीकडं गेलं आणि बगळे उडाले. यादोराव हसले नाहीत, पण त्यांनी फावडा आडवा ठेवला.

तेव्हा मागून उषाबाई उठल्या. त्यांची बांधी नहराच्या अगदी टोकाला. घर त्याच्याही पुढं. “मी बोलू का जी? चिंधू, राग नको मानू. तुह्यी दवंडी वडाच्या झाडापासून वापस फिरे. माह्या घरापर्यंत ते कधी आलीच नाही. पाणी सुटलं हे मले वरच्याच्या बांधीतून वाहून आलं तं समजे, नाही आलं तं नाही समजे. आज फोन खोटा का होईना, पण यादोरावले जेव्हा आला तेव्हाच मले आला. मी यादोरावच्या आधी पोचली इथं.” त्या जरा थांबल्या. “खोटं सांगा, पण सगळ्याईले एकाच वेळी सांगा.”

चिंधू मान खाली घालून म्हणाला, “वडाच्या पुढं कुत्रे राहते जी.”

“मत घेतो,” मारोतराव म्हणाले. “ठेवा म्हणणाऱ्यानं फावडे वर करा.”

अडुसष्ट फावडे वर गेले. यादोरावांचा सर्वांत शेवटी, आणि अर्धाच. पण अर्धा फावडाही उंचच दिसतो.

दुपारी शुभांगीनं ठरावाचा फोटो नागपूरला पाठवला. साहेबांचा लगेच फोन आला. “एक्क्याण्णव हजेरी? गावात एवढा उत्साह? काय केलंत काय तुम्ही?”

“थोडं नाव बदललं, सर,” ती म्हणाली. साहेब म्हणाले, ब्रँडिंगला महत्त्व असतंच.

मग तिनं फाइल उघडली. ‘सुरुवातीपासून’ खोडून ‘आतापासून’ लिहिलं, तीनदा वाचलं, पुढं बटण दाबायला हात नेला. मागं बशीचा आवाज आला.

“ते ओळ बदलून राहिली का?” मारोतरावांनी विचारलं.

“हो, मामाजी. आता नाव कितीही बदललं तरी मागचे फोन जाणार नाहीत.”

मारोतरावांनी चहाचा घोट घेतला.  मग आवाज उतरवून, आत शकुनबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

“बाई, पुढच्या वर्षीची सभा होईपर्यंत जुनीच ओळ राहू दे. त्या दिवशी सकाळी आपण ‘माननीय’ लावू.”