जंतभाऊंचा जालीम अर्क

"जंतांचा कर्दनकाळ आहे हा अर्क! एक थेंब, की खेळ खलास!" बाटली हलवत जंतभाऊंनी जाहीर केलं. त्यांचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणाच्या लक्षातच नव्हतं. औषधी पानांनी जंत मारायचे, या एकाच वेडानं माणूस झपाटलेला! अर्क चालला तर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम काम पुढे चालू ठेवणार, नाहीतर गाशा गुंडाळा!

आणि घरी काय तोंड दाखवणार? बाल्कनीतलं कडू पाल्याचं झाड बायकोला तिच्या आईनं दिलेलं. अर्कापायी जंतभाऊंनी ते पार ओरबाडलं, औषधालासुद्धा पान ठेवलं नाही! तेव्हापासून बायको त्यांच्याशी दोनच शब्द बोलत होती. 'जेवा' आणि 'उठा'.

पोटातले जंत बशीत जगवणं कठीण, म्हणून चाचणीला गांडुळं घेतली होती. अर्क पडताच ती वळवळली, मंदावली आणि सपशेल आडवी झाली.

"मेली! सगळी मेली!" जंतभाऊ नाचायचेच बाकी राहिले. खरं तर कोमट पाण्यात सोडून खात्री करायची असते; नुसती गुंगी असेल तर ती पुन्हा हलू लागतात. पण एवढ्या आनंदात पाणी कोण तापवत बसतंय! गावाला गेलेल्या मॅडमना त्यांनी फोन ठोकला. गांडुळं डब्यातून घरी नेली आणि खत म्हणून बायकोच्या त्याच झाडाच्या कुंडीत पुरली. तेवढाच तिचा राग निवळेल!

दोन आठवड्यांनी मॅडम परतल्या त्या थेट मुद्द्यावरच आल्या. "कोमट पाण्यात सोडलीत ना?"

"म्हणजे... सोडणारच होतो."

"गांडुळं कुठायत?"

"पुरली."

"पुरली? शोकसभाही घेतलीत का? चला, दाखवा!"

दार बायकोनं उघडलं, तेही चक्क हसत! "या ना मॅडम! यांनी कुंडीत काय घातलं कोण जाणे, झाडाला बघा कशी पालवी फुटलीय!"

मॅडमनी खुरपं मागून माती उकरली. आत गांडुळं! चांगली गुबगुबीत, वळवळणारी!

"ही मेलेली?"

"जरा... गुंगीत होती," जंतभाऊ पुटपुटले. आता गाशा गुंडाळायचाच!

मॅडमना मात्र हसू आवरेना. "एक शेवटची संधी देते. चाचणी पुन्हा करा. अर्क नवा, पानं ताजी!"

जंतभाऊंचा जीव भांड्यात पडला. आणि नजर? ती हळूच पालवीवर पडली! बायकोनं ते बरोब्बर पाहिलं. ती लगेच कुंडी उचलून आत घेऊन गेली.

त्या दिवशी जंतभाऊ ताटावर बसले, तर 'जेवा' म्हणून काही आलंच नाही. आलं ते थेट 'उठा'!