एका पायाची इमारत आणि गोदूताईंची अंडी

एका जंगलात, जिथे झाडं पुष्कळ होती आणि मतं त्याहून पुष्कळ, तिथे गोदूताई नावाची एक टिटवी राहत होती. बाळांनो, टिटवी तुम्ही पाहिली असेल. पाय पिवळे, डोळ्यापुढे लाल टिकली आणि आवाज असा की दुपारी झोपलेला माणूस दचकून उठून बसतो.

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. खरं तर ती घरटं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर, खडीत थोडी जागा उकरते आणि तिथेच अंडी घालते. अंडी खडीच्याच रंगाची असतात, त्यामुळे कावळ्याला दिसत नाहीत. आणि कावळ्याला दिसत नाहीत तशीच ती गव्यालाही दिसत नाहीत. सगळी अडचण इथेच होती.

गोदूताईंची जागा जांभूळचौकात होती. जंगलाच्या अगदी मधोमध, पाणवठ्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा जिथे मिळतात, तिथे. तुम्ही म्हणाल, मग दुसरीकडे का नाही गेल्या? अहो, त्यांच्या आईनं तिथेच अंडी घातली होती, आजीनं तिथेच घातली होती. शिवाय तिथली खडी बारीक आणि कोरडी होती. तशी खडी जंगलात दुसरीकडे नव्हती.

दर वर्षी गोदूताई अंडी घालायच्या आणि दर वर्षी रंगराव गव्याचा कळप पाण्याला निघायचा. गोदूताई जीव तोडून ओरडायच्या. त्यांचे यजमान विसूभाऊ पंख मोडल्याचं सोंग करून कळपापुढे फरफटत जायचे. मग रंगराव म्हणायचे, "टिटवी ओरडली. अपशकुन झाला. चला, पाय उचला लवकर." आणि सगळा कळप पाय उचलून अंड्यांवरून निघून जायचा.

ही गोष्ट हसत हसत सांगायची आहे, पण एवढं सांगायलाच हवं की गोदूताई फार रडायच्या. फुटलेल्या कवचांजवळ दिवसभर बसून राहायच्या. विसूभाऊ काही बोलायचे नाहीत. नुसते शेजारी उभे राहायचे.

तर अशातच सिंहमहाराज एकदा शेजारच्या जंगलात जेवायला गेले. तिथे एक इमारत होती. महाराज परत आले ते तोंड पाडूनच.

"आपल्याकडे इमारत का नाही?" त्यांनी प्रधानाला विचारलं.

"कशासाठी हवी, महाराज?"

"ते बांधून झाल्यावर ठरवू."

काम एका करकोच्याला दिलं. हा करकोचा दर हिवाळ्यात दूरदेशाहून यायचा, त्यामुळे त्याला सगळं कळतं असा जंगलाचा समज होता. त्यानं पाण्यात उभं राहून पुष्कळ विचार केला आणि नकाशा काढला. इमारत एका पायावर उभी होती. एकच खांब, त्यावर तिरकी, लांबोळकी वास्तू आणि एका बाजूला निघालेला निमुळता सज्जा. ज्याला जे माहीत, तेच तो काढणार. करकोचा नकाशा देऊन आपल्या देशी निघून गेला.

जागा अर्थात जांभूळचौकाची ठरली. गाढवं कामाला लागली. भोवती बोराटीच्या काट्यांचं कुंपण झालं, आत बारीक खडी पसरली गेली आणि खांब वर येऊ लागला. गोदूताईंना कोणी विचारलं नाही. त्यांची जागा कुंपणात गेली.

आता या जंगलाची एक रीत होती. बांधकामाजवळून कोणी सरळ पुढे जात नसे. थांबायचं, मान वर करायची, डोळे बारीक करायचे आणि मत द्यायचं. मत न देता पाण्यावर जाणं चांगल्या घरच्याला शोभत नसे.

"ही इमारत आहे का शिक्षा झालेलं पोर?" रंगराव गवा म्हणाले. "एका पायावर कशाला उभी केलीय?"

"ती कला आहे, रंगराव," मोरेश्वर मोर म्हणाला. "तुम्हाला नाही कळायची."

"नसेल कळत. अंगावर पडली की कळेल."

सशीण म्हणाली, बाई, तिची सावली थेट आमच्या बिळावर येते. ससा म्हणाला, येऊ दे की, उन्हाळ्यात तेवढीच सोय. त्यावरून त्या दोघांचं बोलणं बंद झालं. वानरांना शेपटी टाकून बसायला कुठे कठडा दिसेना. डुक्कर म्हणालं, इमारतीला माझी हरकत नाही, पण एवढा मोठा खड्डा खणला तर मला का बोलावलं नाही?

घुबडगुरुजी जंगलातले विचारवंत. ते दिवसा डोळे मिटूनच मत द्यायचे. ते म्हणाले, "ही इमारत आपल्या परंपरेत नाही."

"मग आपल्या परंपरेतली इमारत कशी असते, गुरुजी?"

"आपल्या पूर्वजांनी एकही इमारत बांधली नाही. तीच आपली वास्तुपरंपरा."

यावर बराच वेळ माना हलल्या.

बघता बघता जंगलात दोन पक्ष झाले. एक 'पाडा' म्हणायचा, एक 'वाढवा' म्हणायचा. पुढे तिसराही निघाला. त्याचं म्हणणं, इमारत राहू द्या, पण तिला खाली बसवा. सकाळपासून कुंपणाभोवती गर्दी जमायची. कोणी खायला फळं घेऊन यायचं, कोणी लेकरंबाळं घेऊन यायचं. ज्यांचं एरवी घरात कोणी ऐकत नव्हतं, ते तर फारच लवकर यायचे.

गोदूताई सुरुवातीला 'पाडा' पक्षात होत्या. आवाज मोठा, म्हणून त्यांना पुढे उभं करायचे. पण त्या ओरडल्या की शेजारचे म्हणायचे, ताई, मुद्दा बरोबर आहे, पण कानाजवळ नको.

शेवटी महाराज स्वतः पाहायला आले. त्यांना बघताच तिन्ही पक्ष एकदम बोलू लागले. महाराजांनी आयुष्यात गर्जना केल्या होत्या, ऐकल्या नव्हत्या. ते घाबरले आणि तिथल्या तिथे हुकूम देऊन मोकळे झाले.

"सगळ्या जंगलाचं एकमत होईपर्यंत काम बंद. तोवर कुंपणाच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही. टाकलं, तर माझ्याशी गाठ आहे."

गाढवांनी इतका समंजस हुकूम पूर्वी कधी ऐकला नव्हता. ती लगेच आडवी झाली.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर गोदूताई आपली जुनी जागा शेवटची बघावी म्हणून कुंपणावरून आत उतरल्या. सगळीकडे खडी होती. बारीक, कोरडी, आणि आजीच्या काळी होती त्याहून जास्त. भोवती काट्यांचं कुंपण. बाहेर महाराजांचा हुकूम. 

"अहो, इकडे या," त्यांनी हाक मारली.

"अगं, आत यायची बंदी आहे," विसूभाऊ वरून घिरट्या घालत म्हणाले.

"गव्यालाही आहे."

विसूभाऊंना उशिरा कळायचं, पण कळल्यावर ते वेळ दवडत नसत. ते खाली उतरले.

गोदूताईंनी एका पायाच्या त्या इमारतीच्या बुडाशी खडी उकरली आणि चार अंडी घातली. बाहेर रोज अख्खं जंगल उभं असायचं, पण सगळ्यांच्या माना वर. खाली बघायला सवड कोणाला? एवढ्या गोंगाटात सापही फिरकेना. कावळा मात्र येऊन बसायचा, पण त्यालाही इमारतीवर बोलायचं असायचं.

आणि एक नवल झालं. गोदूताईंना सवयच लागली. बाहेर भांडण चढलं की त्यांचा डोळा लागायचा. जरा शांत झालं की त्या दचकून जाग्या व्हायच्या आणि विसूभाऊंना म्हणायच्या, "बघा हो, समेट तर नाही ना झाला?"

समेट करणारा एकच होता, दादासाहेब हत्ती. वयानं मोठे, चालणं सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. दोन नद्यांचं भांडण त्यांनी मिटवलं होतं असं लोक सांगत. महाराजांनी शेवटी त्यांनाच साकडं घातलं आणि दादासाहेबांनी जांभळाखाली सगळ्यांची सभा बोलावली.

नेमक्या त्याच सकाळी अंड्यांच्या आतून टकटक ऐकू येऊ लागली होती. बारीक, पण अगदी स्पष्ट. गोदूताईंनी इतक्या वर्षांत हा आवाज कधी ऐकला नव्हता. तिथवर कधी वेळच आली नव्हती. पिल्लं बाहेर यायला अजून एखाद-दुसरा दिवस हवा होता.

आणि तिकडे सभा चांगली चालली होती. फारच चांगली. दादासाहेबांचं डोकं खरंच थंड. ते एकेकाचं ऐकून घेत होते.

"रंगराव, तुम्हाला पडण्याची भीती आहे. आपण दुसरा खांब देऊ."

"मग कलेचं काय?" मोरेश्वर म्हणाला.

"दुसरा खांब मागच्या बाजूला देऊ. पुढून एकच दिसेल."

दोघंही खूश झाले. वानरांना कठडा मिळाला. डुकराला पुढच्या खड्ड्याचं काम मिळालं. सकाळी सशिणीला ऊन आणि दुपारी सशाला सावली असं ठरलं. घुबडगुरुजींना सांगितलं की इमारत झाल्यावर तिच्यावर टीका करायला आत एक खोली मिळेल. गुरुजींनी एक डोळा उघडला आणि मिटला. ती संमती समजली गेली.

"तर मग एकमत झालं," दादासाहेब म्हणाले. "उद्या उजाडताच गाढवं आत जातील. आधी ती खडी कालवायला घ्या."

गोदूताईंना हे कुंपणाच्या आत ऐकू आलं. अंड्यांवर विसूभाऊंना बसवून त्या उडाल्या आणि सभेवर घिरट्या घालत जन्मभराच्या सवयीनं ओरडू लागल्या. नका, नका, दोन दिवस थांबा, आत माझी लेकरं आहेत.

"टिटवी ओरडतेय," रंगराव म्हणाले. "अपशकुन आहे. उरका लवकर. म्हणजे मी म्हणतो, उद्यापर्यंत तरी कशाला थांबायचं? आजच घ्या कामाला."

"घ्या, घ्या," सगळे म्हणाले. गाढवं उठून उभी राहिली.

गोदूताईंना एकदम सगळी वर्षं आठवली. दर वेळी त्या ओरडल्या होत्या आणि दर वेळी पाय आणखी लवकर पडले होते. त्या गप्प झाल्या. खाली उतरल्या. माणसांतून वाट काढावी तशी पायापायांतून वाट काढत दादासाहेबांसमोर गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या.

"दादासाहेब, एक विचारू का?"

इतका हळू आवाज जंगलानं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. सगळे कान देऊन ऐकू लागले.

"विचारा ना, ताई."

"सगळं छान ठरलं. मला फार बरं वाटलं. फक्त, इमारतीला नाव कोणाचं द्यायचं?"

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. 

"त्यात काय विचारायचं?" रंगराव म्हणाले. "हा चौक आमच्या पणजोबांच्या खुरांनी सपाट झालाय. नाव त्यांचंच."

"सपाट काय, माझ्या आत्या या चौकात नाचायच्या," मोरेश्वर म्हणाला. "लांबून लांबून बघायला यायचे."

"तुमच्यात आत्या नाचत नाहीत," वानरांतून कोणीतरी बोललं. "नर नाचतात. आधी माहिती घे आणि मग नाव दे."

सशिणीला आपल्या माहेरचं नाव हवं होतं, सशाला तिच्या सासरचं. घुबडगुरुजी म्हणाले, नाव ठेवणंच आपल्या परंपरेत नाही. पण ठेवायचंच झालं तर घुबडांमध्ये एक थोर विभूती होऊन गेली, तिच्यावर फार अन्याय झाला.

आता सगळे दादासाहेबांकडे बघू लागले. हेच काय ते मार्ग काढणार. दादासाहेबांनी डोळे मिटले. कान एकदा पुढे नेले, एकदा मागे. सोंडेनं थोडी माती उडवली.

"खरं म्हणजे हा विषय मी काढणार नव्हतो," ते सावकाश म्हणाले. "पण निघालाच आहे, तर सांगतो. माझ्या आजोबांनी या जंगलासाठी जे केलं…"

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. गाढवं परत आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर भांडण ऐन रंगात असताना, पहिलं कवच फुटलं. मग दुसरं. मग उरलेली दोन्ही. गोदूताई याही वेळी रडल्या आणि विसूभाऊ याही वेळी शेजारी उभे राहिले. पण या वेळी ते बोलले.

"चौघंही तुझ्यावर गेलीत गं. केवढ्यानं ओरडतायत."

त्याला आता बरीच वर्षं झाली. नावाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पक्ष किती आहेत, हे पक्षांनाही माहीत नाही. दादासाहेबांचा पक्ष सर्वांत मोठा आहे. करकोचा दर हिवाळ्यात येतो, अर्ध्या इमारतीसमोर एका पायावर उभा राहतो, उसासा टाकतो आणि जातो. आत तित्तिर आले, लाव्हे आले, जमिनीवर अंडी घालणारे सगळेच आले. तिथली खडी अजून कोरडी आहे.

परवा गोदूताईंची धाकटी लेक, तीही आता अंड्यांवर बसलेली, मान वर करून डोळे बारीक करत म्हणाली, "आई, काही म्हण, पण ही इमारत फारच बेढब आहे. पाडायलाच हवी."

गोदूताईंनी लेकीकडे कौतुकानं पाहिलं.

"खरं आहे बाळ," त्या म्हणाल्या. "जा, बाहेर जाऊन बोल. मी बसते अंड्यांवर. आणि हे बघ, तिकडे कोणी पटलं म्हणालं, तर लगेच परत येऊन मला सांग."

तात्पर्य: बाळांनो, एकीवरचा धडा पाठ करा, तो परीक्षेला येतो. पण मोठे झाल्यावर चौकातल्या कुठल्याही इमारतीवर सगळ्यांचं पटू लागलेलं दिसलं, तर हळूच नावाचा विषय काढा. आत कोणाची अंडी आहेत, हे आपल्याला थोडंच माहीत असतं?