सदर मुलीचं मागचं चाक

आपण कागदाला घाबरत नाही! शाळा सातवीतच सुटली, पण फाटक म्हणा, जिना म्हणा, खिडकीची जाळी म्हणा, वेल्डिंग करून उभं करतो. मग एक प्रतिज्ञापत्र ते काय?

पोरीला नर्सिंगला जागा मिळाली होती. भानगड एवढीच, की जन्माच्या दाखल्यावर तिचं एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरंच. दोन्ही नावांची मुलगी एकच, असं मी शपथेवर लिहून द्यायचं, नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि कागद पाचच्या आत कॉलेजात द्यायचा. नाहीतर जागा दुसऱ्याला!

"टायपिंगवाल्याकडून नीट करून घ्या," बायको म्हणाली.

"कशाला? न्हाव्याची मोटरसायकल चोरीला गेली तेव्हा त्यानं केलेलं प्रतिज्ञापत्र आहे ना! अगं, फाटकासारखंच असतं ते. नक्षी तीच, माप बदलायचं!"

झेरॉक्सवाल्याला सांगितलं, "मोटरसायकल दिसेल तिथे मुलगी टाक, न्हाव्याच्या जागी मी. शेवटी दोन नावांची ओळ. बाकीला हात लावू नकोस!" नोटरीबाईंचा वेळ वाचावा म्हणून घरीच पानापानावर सही ठोकली. शिक्क्याची जागा रिकामी दिसली, तिथे माझ्या वर्कशॉपचा शिक्काही मारून टाकला. काम कसं पक्कं!

तीन वाजता पोरीला घेऊन नोटरीबाईंसमोर बसलो. बाईंनी कागद बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला.

"ही सही कधी केलीत?"

"सकाळीच! चहा प्यायच्या आधी!"

"ती माझ्यासमोर करायची असते, काका. मी नुसती सही बघत नाही, सही करणारा माणूस बघते. त्याचं ओळखपत्र बघते, कागदात काय लिहिलंय ते त्याला कळलंय का विचारते, शपथ घ्यायला लावते, रजिस्टरात नोंदवते. मग शिक्का. माझा! हे 'दणकट फॅब्रिकेशन' काय आहे?"

"ते आपलं... जादा मजबुतीला."

"वाचलंय तरी का?"

"तोंडपाठ आहे!"

"मग वाचा मोठ्यानं."

मी घसा साफ केला. "सदर मुलगी मी बाजारात उभी केली असता चोरीस गेली. मुलीचा रंग काळा असून मागचं चाक नवीन आहे..."

"बाबा!" पोरगी किंचाळली.

"थांब गं, पुढे बरोबर असेल! सदर मुलगी किक मारल्याशिवाय चालू होत नाही..."

बाईंनी रजिस्टर तोंडावर धरलं. रजिस्टर गदागदा हलत होतं. मी मात्र गार पडलो. अहो, यावर शपथ घेतली असती तर? कॉलेजनं पोरगी ठेवून घेतली असती का पोलीस बोलावले असते?

खाली टायपिंगवाल्याकडे पळालो. नवीन कागद घेऊन वर आलो तेव्हा सव्वाचार! या वेळी शब्द न् शब्द वाचला. ओळखपत्र दाखवलं, शपथ घेतली.

"आता करा सही," बाई म्हणाल्या आणि रोखून बघायला लागल्या.

पन्नास फुटांवर एका पायावर उभा राहून मी वेल्डिंग करतो, हात हलत नाही. पण ती बाई अशी बघत होती की बोटांचा पार लोखंडी गज झाला! कोऱ्या कागदावर सराव केला. अकरा सह्या केल्या, अकराही वेगवेगळ्या माणसांच्या!

"यातली एकही ओळखपत्रावरच्या सहीसारखी नाही," बाई म्हणाल्या. "माणूस मात्र तुम्हीच, हे दिसतंय."

"बाई, साडेचार वाजले हो," पोरगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

बाईंनी हळूच शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा द्या. बोटं थरथरली तरी अंगठा बदलत नाही."

दिला! साक्षीला टायपिंगवाल्याला वर बोलावलं. शिक्का पडला, नोंद झाली, आणि पाचला सात मिनिटं कमी असताना आम्ही कॉलेजच्या खिडकीशी धापा टाकत उभे.

कारकुनानं कागद उलटापालटा केला. आधी माझ्या निळ्या अंगठ्याकडे बघितलं, मग पोरीकडे.

"वडील शिकलेले नाहीत वाटतं?"

"छे हो," पोरगी म्हणाली, "ते फाऽऽर हुशार आहेत."

त्यानं कागद ठेवून घेतला. पोरीची जागा पक्की झाली! फक्त तो 'फार' तिनं एवढा का ताणला, ते मी काही विचारलं नाही.