हिरवा पट्टा

भाऊजींची गाडी चढावर तापून बंद पडली, ही घटना तशी साधी होती. गाड्या तापतात आणि चढावर जरा जास्तच तापतात. पण भाऊजी ज्या कार्यालयात उपनियंत्रक आहेत, तिथे पूर्वसूचनेशिवाय काहीही घडण्याची प्रथा नाही. त्यामुळे गाडी बंद पडली याचं त्यांना विशेष दुःख झालं नाही. आपल्याला न कळवता बंद पडली, हे मात्र जिव्हारी लागलं.

"डॅशबोर्डवर एक लाल दिवा आहे," ते मला म्हणाले, "पण तो गाडी तापून झाल्यावर लागतो. याला सूचना म्हणत नाहीत. हा शोकसंदेश झाला."

माझी थोरली बहीण, म्हणजे भाऊजींची पत्नी, त्या वेळी वाकून गाडीखाली बघत होती. "अहो, रोज सकाळी इथे पाणी साचलेलं असतं," ती म्हणाली. "कुठला तरी पाइप गळतोय. बदलून टाका."

"किती साचतं?"

"एवढं." ताईने दोन्ही हातांनी दाखवलं.

"एवढं म्हणजे किती? मोजलंस का कधी?"

ताईने मोजलं नव्हतं. मुद्दा तिथेच निकालात निघाला.

भाऊजींच्या कार्यालयाचं काम आढावा घेणं हे आहे. कशाचा, ते मला अजून नीट उमगलेलं नाही. खालचे लोक आकडे पाठवतात, मधले लोक त्यांची सरासरी काढतात आणि वरचे लोक त्या सरासरीबद्दल समाधान व्यक्त करतात. भाऊजी मधल्यांत आहेत, आणि समाधान व्यक्त करण्याची त्यांची फार वर्षांची इच्छा आहे.

तर भाऊजींनी पाइप बदलला नाही. ते डॅशवाल्याकडे गेले.

टायरच्या दुकानांमागच्या गल्लीत या डॅशवाल्याची शेड आहे. गाडीत जादा मीटर बसवायचं असेल, तर त्याला डॅशबोर्डवर ऐटीत बसता येईल असं गोल घर करून देणं हा त्याचा धंदा. त्या घराला तो 'वाटी' म्हणतो. आधी तो पुठ्ठा कापून डॅशबोर्डचं वळण उतरवून घेतो. मग पाइपचा गोल काप त्यावर तिरका धरून ड्रायव्हरच्या डोळ्याच्या रेषेत चिकटवतो, वरून कापड ताणतो आणि त्या कापडाला रेझिन पाजतो. ते दगडासारखं कडक झालं की लांबी म्हणजे पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं, पुन्हा लांबी भरायची, पुन्हा घासायचं. शेवटी काळं रेक्झिन असं चढवतो की गाडी वाटीसकटच जन्माला आली असं वाटावं. काम खरोखर देखणं असतं. त्यात मीटर नसलं तरी चालेल, इतकं.

"कुठे बसवू साहेब?" डॅशवाल्याने विचारलं.

"नजरेसमोर."

"गाडी चालवताना तुमची नजर कुठे असते?"

भाऊजींनी विचार केला. "मीटरवरच असणार ना आता."

ही बैठक फलद्रूप झाली आणि पाण्याचं तापमान दाखवणारी पहिली वाटी समोरच्या काचेच्या कडेला, छत पेलणाऱ्या खांबावर बसली. चाचणीसाठी आम्ही तिघं त्याच चढावर गेलो. काटा हिरव्यातून पिवळ्यात गेला, पिवळ्यातून लालमध्ये गेला आणि गाडी मागच्या वेळच्याच झाडाखाली बंद पडली.

भाऊजींचा चेहरा उजळला. "बघितलंस? या वेळी आपल्याला आधी कळलं."

"मग थांबवली का नाहीत?" ताईने विचारलं.

"थांबवली असती तर काटा बरोबर सांगतोय हे कसं कळलं असतं?"

ताईने पदर खोचला आणि गाडीला मागून धक्का मारायला सुरुवात केली. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. भाऊजी आत बसून काट्याची नोंद घेत होते.

एकदा मोजायला लागलं की माणूस एका मोजमापावर थांबत नाही. पाणी तापतं म्हणजे तेलाचा दाब बघायला हवा, म्हणून दुसरी वाटी आली. दोन मीटर वीज खातात म्हणजे बॅटरीवर लक्ष हवं, म्हणून तिसरी. या तिघींच्या वायरींचा जुडगा इंजिनाजवळून गेल्याने गरम होऊ लागला, तेव्हा त्या जुडग्याचं तापमान दाखवणारी चौथी आली आणि तिच्या वायरी जागेअभावी त्याच जुडग्यात बांधण्यात आल्या. पुढचा हिशेब मी ठेवला नाही. रेडिओ गेला, कप्पा गेला, गार हवेच्या जाळ्या वाट्यांखाली झाकल्या गेल्या. आत भट्टी पेटल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा आतल्या हवेचं तापमान दाखवणारी एक छोटी, फार गोजिरवाणी वाटी ताईच्या गुडघ्यासमोर बसवण्यात आली.

भाऊजींचे डोळे दोनच असल्यामुळे डावीकडच्या वाट्या वाचण्याची जबाबदारी ताईवर सोपवण्यात आली. ती गाणं म्हणावं तशा संथ सुरात वाचायची. "तेल, हिरवा. बॅटरी, हिरवा. समोर बैल."

"बैलाचं मीटर नाहीये," भाऊजी म्हणाले. "विषयाला धरून राहा."

बैलाने स्वतःच्या जबाबदारीवर रस्ता सोडला. पुढच्या वळणावर ताई म्हणाली, "अहो, मला फार उकडतंय."

भाऊजींनी वाकून छोटी वाटी पाहिली. "आतलं तापमान समाधानकारक आहे."

त्या दिवशी ताईने राजीनामा दिला आणि तिच्या जागी माझी नियुक्ती झाली. नकार द्यायचा माझा विचार होता. पण भाऊजींनीच मला त्यांच्या कार्यालयात चिकटवलेलं आहे, आणि अशा माणसाला विचार असतात, नकार नसतो.

मग वाहन तपासणीची मुदत आली. तपासनीस हा बारीक मिशीचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला नियमाप्रमाणे लाथ मारली आणि आत डोकावला. बराच वेळ त्याचं डोकं आतच राहिलं.

"वेग दाखवणारं मीटर कुठे आहे?" त्याने विचारलं.

"मधल्या वाट्यांच्या मागे," भाऊजी म्हणाले. "तिथे जाऊन बघता येतं."

"ठीक आहे. पाण्याचा काटा लालमध्ये आहे."

"जादा मीटर आहे ते. नियमात ते असायलाच पाहिजे असं कुठे आहे?"

"नियमात नाही. पण ते असेल, तर लालमध्ये असता कामा नये."

"मग मी ते काढून टाकतो."

"काढलंत तर मूळ रचनेत बदल केल्याबद्दल गाडी नापास होईल."

"मूळ रचनेत ते नव्हतंच."

"आता आहे. मी पाहिलंय."

भाऊजींनी त्याच्याकडे नव्या आदराने पाहिलं. परदेशात आपली भाषा बोलणारा कुणी भेटावा, तसं त्यांना झालं असावं.

गाडी नापास झाली. ताई म्हणाली, "आता तरी पाइप." भाऊजी डॅशवाल्याकडे गेले.

डॅशवाल्याने पानाच्या डब्यासारखी एक डबी उघडली. तिच्यात मीटरच्या गोल तबकड्या होत्या. "काट्याला हात लावायचा नाही साहेब," तो म्हणाला. "काट्याला हात लावणं म्हणजे फसवणूक. आपण पट्टा वाढवू. हिरवा पट्टा इथे संपतो ना, तो इथपर्यंत नेतो."

"लालला किती जागा राहील?"

"ठेवायचा आहे का लाल?"

भाऊजींनी दूर कुठे तरी बघितलं. एवढा वेळ विचार करताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं. "वापरात नसलेली तरतूद ठेवू नये," ते शेवटी म्हणाले.

तबकड्या बदलल्या आणि गाडी उत्तीर्ण झाली. इतकी निरोगी गाडी आजवर पाहिली नाही, असं तपासनीस म्हणाला. मला त्यात नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं, की भाऊजींनाही तसंच वाटू लागलं. स्वतः उभं राहून पट्टा वाढवून घेतलेला माणूस, पण दुसऱ्या दिवसापासून हिरव्यातला काटा बघून खरोखर निर्धास्त झोपायला लागला. गाडीखाली पाणी साचतच होतं. ताई त्यावर बादलीभर पाणी ओतून अंगण धुऊन काढायची.

गाडीची कीर्ती कार्यालयात पोचली. एका सकाळी खुद्द नियंत्रकांनी ती पाहण्याची इच्छा व्यक्त केली. वरची एक खुर्ची तेव्हा रिकामी होणार होती, हे सांगायला नकोच. सहल ठरली. भाऊजींनी मार्ग म्हणून तोच चढ निवडला, कारण आता त्यांना त्या चढाची भीती राहिली नव्हती. पुढच्या सीटवर नियंत्रक बसले. मागे मी, हातात आरसा घेऊन, म्हणजे डावीकडच्या वाट्या मागून वाचता याव्यात. माझ्या शेजारी ताई, कारण नियंत्रकांच्या सौभाग्यवतींनी कुटुंबाबद्दल विचारलं होतं.

"वाचन सुरू करा," भाऊजी म्हणाले.

"पाणी, हिरवा. तेल, हिरवा. बॅटरी, हिरवा."

"उत्तम," नियंत्रक म्हणाले.

अर्ध्या चढावर ताईने माझ्या कानाशी सांगितलं, "बॉनेटमधून वाफ येतेय." मी पुढे सांगितलं. भाऊजींनी काट्याकडे बघितलं आणि गाडी पुढे नेली.

थोड्या वेळाने नियंत्रकांनी नाक वर केलं. "काही तरी जळतंय का?"

"वासाचं मीटर अजून नाही, सर. प्रस्तावित आहे."

"करून घ्या. उपयोगी पडेल."

"जुडगा काय म्हणतो?" भाऊजींनी मला विचारलं.

"हिरवा," मी म्हणालो. काटा टोकाला जाऊन थरथरत होता, पण टोकही हिरवंच होतं. मी खोटं बोललो नाही. मला खोटं बोलावं लागू नये, अशी चोख व्यवस्था झालेली होती.

मग पुढच्या काचेच्या खाली एक बारीक ज्योत दिसली आणि वाट्यांच्या रांगेमागून देवघरातल्या समईसारखी शांतपणे वर आली. नियंत्रकांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी मीटरकडे पाहिलं. ताईने कोणाकडेही पाहिलं नाही. तिने हात लांब करून हँडब्रेक ओढला, स्वतःचा दरवाजा उघडला, मग नियंत्रकांचा उघडला आणि त्यांचा दंड धरून त्यांना एखाद्या गाठोड्यासारखं रस्त्यावर काढलं. भाऊजींना मी काढलं. ते अजून स्टिअरिंग धरून होते.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. वाट्या एकेक करून आतल्या आत वितळल्या. इतकं मेहनतीने घासलेलं काम होतं ते. मला वाटलं भाऊजी आता रडतील, आणि मला त्यांची खरोखर दया आली. मग ते ताईजवळ सरकले.

"तुला त्या दिवशी उकडत होतं का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

भाऊजींनी मान हलवली. त्यांच्या ओठांवर काही तरी आलं. ते त्यांनी आवरायचा प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगतो.

"किती?" ते म्हणाले.

ताई उतार चालायला लागली. खाली बसथांबा होता.

यथावकाश विम्याचा माणूस आला. त्याने कोळशातून शाबूत राहिलेली एक तबकडी शोधून काढली, रुमालाने पुसली आणि उन्हात धरली. काटा हिरव्यावर चिकटलेला होता. सबब इंजिन तापल्याचा पुरावा नाही, आणि पुराव्याअभावी आग लागली असं मानता येत नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. नियंत्रकांनी त्याला दुजोरा दिला. प्रात्यक्षिकाच्या शेवटच्या क्षणापर्यंत सर्व काटे हिरव्यात होते, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. भाऊजींची पदोन्नती झाली. ते आता समाधान व्यक्त करतात. ताई सगळीकडे बसने जाते आणि भाऊजींनी नवी गाडी घेतली तरी तिच्यात बसत नाही.

परवा मी डॅशवाल्याच्या शेडवर गेलो होतो. तिथे एकही गाडी नव्हती, पण रांग गल्लीच्या तोंडापर्यंत होती. एका शिक्षकाने शाळेतली मोजपट्टी आणली होती, मुलांची उंची वाढावी म्हणून. एक डॉक्टर रक्तदाबाचं यंत्र घेऊन उभे होते. मीही लपवत नाही, माझ्या हातात भिंतीवरचं घड्याळ होतं. कार्यालयात मी वेळेवर पोचतो असं त्याच्याकडून मला लेखी हवं होतं.

तुम्ही माझ्या पुढेच उभे होता. ओळख दाखवली नाहीत, म्हणून मीही दाखवली नाही. पण काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो न्हाणीघरातला वजनकाटा होता ना? तुमचा नंबर आल्यावर तुम्ही अगदी हळू आवाजात बोललात. डॅशवाल्याला मात्र नीट ऐकू आलं नाही, आणि त्याने सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "शून्य किती किलो पुढे सरकवू?"